तीन तासांचा पल्ला

सोडतीत नाव लागल्याचं कळलं तेव्हा आयडा अडीच महिन्यांची होती आणि आईच्या छातीवर तोंड उघडं टाकून झोपली होती. त्यामुळे लिनेयाला किंचाळता आलं नाही. मनरो डोंगरावरच्या नर एल्कच्या, त्या सांबरापेक्षाही थोरल्या हरणाच्या, शिकारीच्या परवान्यासाठी ती पंधरा वर्षं अर्ज करत होती. पहिला अर्ज भरला तेव्हा तिच्या दातांना तारा होत्या. पुढे तारा निघाल्या, शाळा संपली, लग्न झालं, पोर झालं, सोडत काही लागेना. आणि लागली ती अशा वेळी, जेव्हा न्हाणीघरात एकटीनं जायचीही तिची सोय उरली नव्हती.

या सप्टेंबरात एल्क मिळाला तर मिळाला. नाहीतर दर अर्जाला एक असे साठलेले सगळे पॉइंट शून्यावर, पाच वर्षं अर्ज करायचा नाही, आणि मग पुन्हा पंधरा वर्षांची रांग. लिनेयानं आयडाच्या टाळूवर ओठ टेकवून बेरीज केली. तिचं वय एकोणपन्नास. आयडा तेव्हा वीस वर्षांची असेल, आणि आईनं टाळूचा वास घेतलेला तिला चालणार नाही.

रविवारी चर्चच्या दारात तिघांनी तिच्या नवऱ्याचा, डॅलिनचा, हात धरून त्याचं मनापासून अभिनंदन केलं. लिनेयाला एका बाईनं विचारलं, "मग तो शिकारीला गेला की तू माहेरी जाणार का गं?"

खरी अडचण आयडाची होती. ती बाटली घेत नसे. सहा तऱ्हांच्या बाटल्या झाल्या. बाटली समोर आली की ती अशी बघे, जणू कुणी तिच्यापुढं सही करायला कागद ठेवलाय. मग जिभेनं निपल बाहेर ढकली आणि आईकडे वळून तक्रार करी. दर तीन तासांनी तिला आई लागे, आणि ती आईच लागे. म्हणजे शिकारीच्या तंबूपासून दीड तास जायला आणि दीड तास यायला. डोंगरात दीड तासात माणूस पोचतो कुठे, तर जिथून एल्क नुकतेच निघून गेलेत तिथे.

डॅलिन प्रेमळ होता, यात वाद नाही. फक्त अडचण दिसली की त्याचं प्रेम काहीतरी विकत आणायच्या दिशेनं धावे.

"मी काय म्हणतो," तो एका संध्याकाळी डायपर बदलता बदलता म्हणाला, "तुला लांब जाता येत नाही ना? मग गोळी लांब जाईल. मोठं मॅग्नम घेऊ, जास्त बारूदाचं काडतूस. तू तंबूजवळच्या कड्यावर पडून राहायचं, दरीपलीकडे एल्क दिसला की तिथूनच. सातशे, आठशे यार्ड. आयडाचं दूध चुकायला नको, काही नको."

"आठशे यार्ड," लिनेया म्हणाली.

"ट्रेस मारतो."

ट्रेस म्हणजे डॅलिनचा थोरला भाऊ. विम्याच्या कचेरीत बसे, आणि लोकांच्या आयुष्यातल्या धोक्यांचा विचार दिवसभर करून करून संध्याकाळी त्याला स्वतःत एकही धोका दिसत नसे. लांब पल्ल्यावरून त्यानं आजवर चार एल्क मारले होते. त्यातले दोन सापडले होते.

त्या रविवारी सासूबाईंकडे जेवायला सगळे जमले. टेबलावर चीज घालून भाजलेले बटाटे होते, ते या भागात मयताला हमखास करतात आणि उरलेल्या दिवशी बाकी कशालाही. ताटं पुढं आली आणि काडतुसांची निवडणूक सुरू झाली.

"सात मिलिमीटर मॅग्नम," डॅलिन म्हणाला. "गोळी सपाट जाते. कमी धक्का."

"सात?" ट्रेसनं बटाटा तोंडात तसाच ठेवला. "ससे मारायचेत का? तीनशे मॅग्नम तरी घे. तेही खरं तर लहान पडतं."

"कशाला लहान पडतं?"

"लांब. लांब पल्ल्याला ताकद उरायला पाहिजे रे. आठशे यार्डांवर माझ्या तीनशे अडतीस मॅग्नममध्ये जेवढी ताकद उरते ना, तेवढी तुझ्या सातमध्ये नळीतून निघतानासुद्धा नसते." त्यानं फोन काढला. फोनमध्ये वारा, उंची, हवेचा दाब, पृथ्वीचं फिरणं, सगळं होतं. "बघ. पृथ्वी फिरते, तेही यात धरलंय."

"अरे वा," लिनेया म्हणाली. "आणि आयडाचं फिरणं धरलंय का? रात्री दोन वाजता ती पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरते."

टेबलाच्या टोकाला लारू आत्यानं घसा खाकरला.

लारू आत्या सासऱ्यांची आत्या, वय अठ्ठ्याहत्तर. तिच्या तळघरात एका मांडणीवर पीचच्या बरण्या आणि दुसरीवर तिनं स्वतः भरलेली काडतुसं, दोन्हीवर तारखेच्या चिठ्ठ्या. दोन्हींबाबत तिचं मत एकच होतं, की दुकानातलं आणणारी माणसं आळशी.

"दणका कुठे बसतो?" आत्यानं विचारलं.

"खांद्यात, आत्या," ट्रेस समजावून सांगू लागला. "दस्ता खांद्याच्या खळग्यात..."

"तुझ्या. मी हिच्याबद्दल विचारतेय. हिच्या खळग्याच्या खाली सध्या काय भरलंय, ते तुझ्या फोनमध्ये आहे का?"

सासूबाईंनी घाईनं जेलीचं भांडं फिरवलं.

निवडणुकीचा निकाल मात्र ट्रेसच्या बाजूनं लागला. कारण बाकीची काडतुसं नुसती बोलण्यात होती आणि त्याची रायफल प्रत्यक्ष गाडीत होती. जुलैत तिघं चांदमारीवर गेली. तीनशे अडतीसचं काडतूस लिनेयाच्या तळहाताएवढं लांब होतं. आयडाच्या बोटांना ते पुरतं धरता आलं नसतं, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. पोर झाल्यापासून जगातली प्रत्येक वस्तू ती आयडाच्या बोटांनीच मोजत होती.

पहिल्या गोळीला तिच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. दुसरीला ट्रेस ओरडला, "शाब्बास!" तिसरीला लक्ष्यामागची माती उडाली आणि तिची उजवी बाजू ठणकायला लागली. चौथी तिनं मारली, कारण दोघं बघत होते.

दोन दिवसांनी ती बाजू दगडासारखी झाली. ताप आला. आयडानं उजवीकडे तोंड लावलं, सोडलं, आईकडे पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं रडली. लिनेया गरम पाण्याचा टॉवेल छातीशी धरून न्हाणीघरात बसली आणि तीही रडली. डॅलिन दाराबाहेर उभा राहून म्हणाला, "दस्त्याला रबराची जाड गादी मिळते. मागवू का?"

"डॅलिन," आतून आवाज आला, "लारू आत्यांना फोन कर."

आत्या आली ती कोबीची पानं आणि एक लाकडी पेटी घेऊन. कोबीची थंड पानं तिनं लिनेयाला छातीशी धरायला दिली. पेटी ताप उतरेपर्यंत उघडली नाही. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तिनं सगळ्यांना चांदमारीवर बोलावलं. ट्रेसलाही. "तू तर ये," ती म्हणाली. "तुझ्याकडून शिकायचंय."

ट्रेस आनंदानं आला. आत्यानं लिनेयाला आपलीच जुनी सात मिलिमीटर मॅग्नम रायफल दिली, पेटीतली स्वतः भरलेली काडतुसं त्यात घातली आणि म्हणाली, "मार."

लिनेयानं दोन मारल्या. दणका होता, पण माणसासारखा होता. तिसऱ्यांदा तिनं चाप ओढला आणि नुसतं 'टक्' झालं. गोळी सुटलीच नाही. तरी नळी मात्र वीतभर खाली गेली आणि लिनेयाचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"बघितलंस?" आत्या म्हणाली. "ते काडतूस रिकामं होतं. बारूद नाही, काही नाही. दणका बसला नाही, पण तू आधीच घेतलास. तीनशे अडतीसनं दिलेला प्रसाद आहे तो. आठवडाभरात जाईल."

ट्रेस हसला. मोठ्या मनानं हसला. "होतं असं बायकांचं. घाबरून जाऊ नकोस, लिनेया."

"तर काय," आत्या म्हणाली. "तू दाखव ना तिला. तुझ्याच रायफलीनं. आण, भरून देते."

ट्रेस आडवा झाला, श्वास सोडला, फोन बघितला, पृथ्वीच्या फिरण्याची दखल घेतली. पहिली गोळी सुटली. दुसऱ्यांदा टक्. आणि तीनशे अडतीसची ती थोरली नळी, दुर्बिणीसकट, फोनसकट, जमिनीकडे अशी झुकली, जणू पायाखाली सांडलेलं काही शोधतेय.

आयडा डॅलिनच्या कडेवर बसून, मोठमोठे कानाचे रक्षक घालून, लाळ गाळत होती.

"आठशे यार्डांवर," आत्यानं शेवटी शांतपणे विचारलं, "ही गोळी कुठे गेली असती रे? याच काउंटीत राहिली असती का?"

"काडतूस खराब होतं," ट्रेस म्हणाला.

"हो रे बाबा, होतं. मीच केलं होतं. चांगलं एक महिना मेहनत घेऊन."

डॅलिननं 'मी घरी गेल्यावर करून बघेन' म्हणून सांगितलं आणि ते कधीच केलं नाही.

मग आत्यानं चर्चच्या जेवणातल्या उरलेल्या कागदी ताटल्या काढल्या. नियम साधा होता. रोज एकच गोळी. रायफल थंड, मन थंड, ताटली एक. ज्या अंतरावर पहिलीच गोळी दहाच्या दहा दिवस ताटलीत जाईल, तेवढा तुझा पल्ला. दुसऱ्या गोळीला एल्क थांबत नसतो. लिनेया रोज आयडाला पाजून, तिला आत्याच्या मांडीवर ठेवून एक गोळी मारायची आणि परत यायची. दोनशे यार्डांवर दहापैकी दहा. तीनशेवर दहा. साडेतीनशेवर दहा. चारशेवर सात.

"तीन एल्क जखमी होऊन पळाले," आत्यानं चारशेच्या ताटल्या मोजून सांगितलं. "कोणते तीन, ते तू ठरव."

"सात मिलिमीटर," लिनेया म्हणाली. "आणि साडेतीनशे."

"साडेतीनशेला मॅग्नम कशाला लागतं?" ट्रेस हताशपणे म्हणाला. "मग दगड मारा."

"मॅग्नम यासाठी लागतं," आत्या म्हणाली, "की नर आठ मण हाडामांसाचा आहे आणि तो तुझ्या फोनसारखा सपाट उभा राहत नाही. जरा तिरका उभा असला तरी आत पोचायला हवं. लांब मारायला नाही रे बाबा. नीट मारायला."

*

हंगाम नऊ दिवसांचा. त्यातले दोन रविवार वजा, कारण रविवारी या कुटुंबात शिकार नाही; एल्कना हे कुणी सांगितलं नसावं, पण पहिल्याच रविवारी ते तंबूसमोरच्या कुरणात येऊन चरून गेले. सात दिवस उरले. शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार लिनेया दीड तास जाई आणि दीड तास येई. नर माद्यांना साद घालतात ती शीळ रोज ऐकू येई, आणि रोज दरीच्या पलीकडूनच.

गुरुवारी सकाळी कड्यावर ती, डॅलिन आणि ट्रेस पालथे पडले होते, तेव्हा तो बाहेर आला. पलीकडच्या पिवळ्या अ‍ॅस्पेनच्या झाडीतून, सात माद्यांच्या मागं. शिंगं एवढी की मान वळवताना त्याला फांद्यांची परवानगी घ्यावी लागत होती.

"सहाशे चाळीस," डॅलिन अंतर बघून कुजबुजला. "लिनेया. सहाशे चाळीसच."

ट्रेसनं तीनशे अडतीस तिच्यापुढे सरकवली. त्याची ती रायफल इथे कशी काय आली, हे कुणी विचारलं नाही.

"घे. मी गणित करून देतो. वारा दोन वेळा मोजलाय. पंधरा वर्षं आहेत गं ही."

लिनेयानं दुर्बिणीला डोळा लावला. काचेत नर हाताच्या अंतरावर आला. दरीत वारा इथे एक, मध्ये दुसरा आणि पलीकडे गवत तिसरीकडेच झुकत होतं. गोळी दीड हात इकडे किंवा दीड हात तिकडे. तिच्या छातीत दूध उतरायला लागलं होतं. अजून तासाभरात आयडा जागी होणार. बोट चापाजवळ गेलं. पंधरा वर्षं त्या बोटात आली होती.

तिनं डोळा काढला. "आणायला कोण जाईल?"

"काय?"

"तो पडला समजा. तिकडे. आणायला कोण जाईल?"

दोघांनी प्रथमच दरीकडे पाहिलं. म्हणजे दरीत पाहिलं. आजवर ते दरीवरून पाहत आले होते. खाली उतरायला दोन तास, कडे वेगळे. वर चढायला तीन. त्याला सोलून, तुकडे करून, पाठीवर घालून प्रत्येकी तीन खेपा.

"आपण तिघं..." डॅलिन म्हणाला.

"माझ्या गुडघ्याचं माहितीय तुला," ट्रेस म्हणाला.

"तुझ्या फोनमध्ये गुडघा धरला नाहीस?"

"लिनेया, ते नंतर बघू. आधी मार तर!"

"आणि जखमी होऊन उभा राहिला तर मी काय इथून त्याला सॉरी म्हणू? तुझे दोन अजून त्या डोंगरात कुठेतरी आहेत, ट्रेस."

नर आळोखेपिळोखे देत माद्यांमागं झाडीत गेला. तिच्या सदऱ्याला ओल आली होती. ती उठली आणि आयडाला पाजायला तंबूकडे निघाली.

तंबूत आयडा आत्याच्या मांडीवर बसून चमचा चावत होती. आईला पाहून दोन्ही हात वर झाले. सबंध जगात असं कुणी नव्हतं, ज्याचे हात लिनेयाला पाहून असे वर जात. तिनं लेकीला घेतलं, छातीशी धरलं, आणि त्या छोट्याशा जबड्याची लय सुरू झाल्यावर तिचं तिलाच हसू आलं.

"काय गं?" आत्यानं विचारलं.

"चार महिने आम्ही गोळी लांब न्यायची कशी यावर डोकं फोडतोय, आत्या. चार महिने. आणि ही बघा. सात किलो वजन. हिला उचलून न्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही."

आत्या म्हणाली, "माझ्याही नाही. हे लिहून ठेव कुठेतरी, पुन्हा होणार नाही."

शुक्रवारी पहाटे उजाडायच्या आत दरीला लांबचा वळसा घालून गाडी पलीकडच्या जुन्या लाकूडतोड्यांच्या रस्त्याला लागली. तिथून पायी. डॅलिनच्या पाठीवर आयडा, नारिंगी टोपीत आणि आपल्या मोठ्या कानरक्षकांत. ट्रेसच्या पाठीवर डायपर, ओले रुमाल, दोन गोधड्या आणि आयडाला आवडणारा लाकडी चमचा. त्याची तीनशे अडतीस गाडीत राहिली, कारण दोन्ही न्यायचं म्हटलं तर गुडघा बोलायला लागला असता. लिनेया पुढं, हातात सात मिलिमीटर.

आयडाच्या मागच्या दुधाला तीन तास झाले तेव्हा लिनेया अ‍ॅस्पेनच्या कडेला एका पडलेल्या खोडाला टेकून बसली. आयडा डावीकडे लागली आणि डोळे मिटून पिऊ लागली.

तेवढ्यात शीळ आली. जवळून. मग फांद्या मोडल्याचा आवाज, आणि तो उतारावर उभा. कालचाच.

"एकशे नव्वद," डॅलिनच्या ओठांनी आवाज न करता सांगितलं.

ट्रेस दोन्ही हातांनी खुणा करू लागला. आयडाकडे बोट, रायफलीकडे बोट, आकाशाकडे बोट. काढ तिला, काढ. लिनेयानं मान हलवली. मध्येच सुटली तर आयडा काय करते, हे त्याला माहीत नव्हतं; खालच्या गावातल्या सगळ्यांना माहीत होतं.

नर एका मादीच्या मागं गेला, परत आला, मान ताणून शीळ घातली. आयडा पीत राहिली. लिनेया एकदा त्याच्याकडे बघे, एकदा लेकीच्या गालाकडे. गाल हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा. पंधरा वर्षं आणि अजून तीन मिनिटं. ट्रेसनं टोपी तोंडात धरली होती. शेवटी गाल सैल पडला, दुधाचा एक थेंब हनुवटीवर आला. लिनेयानं करंगळी हळूच घालून तिला सोडवलं आणि डॅलिनच्या हाती दिलं. डॅलिननं कानरक्षक बसले आहेत की नाही ते तपासलं, वरून आपले तळवे धरले, आणि उकिडवा होऊन, पाऊल पाऊल, टेकाडाच्या आड गेला. आयुष्यात तो इतक्या जपून कधी चालला नव्हता.

ती खोडावर आडवी झाली. नर तिरका उभा होता, फोनसारखा सपाट नव्हता. दणका बसला तेव्हा तिचे डोळे उघडे होते. तो चार पावलं चालला, थांबला, काही विसरल्यासारखा, आणि बसला. मग पडला.

लिनेया बराच वेळ तिथेच राहिली. मग जाऊन तिनं त्याच्या मानेवरच्या जाड केसांवर हात ठेवला. तो अजून ऊबदार होता.

ट्रेस डायपरांच्या पिशवीसकट धापा टाकत पोचला. त्यानं शिंगांची टोकं धरून मोजली, शीळ घातली, आणि मग त्याच्यातला ट्रेस परत आला.

"छान आहे. पण एकशे नव्वद म्हणजे काय, हे तर शेजारी झालं. यात काडतुसाचं काही कौतुक नाही. एवढ्या जवळून कशानंही पडला असता. मी म्हणतो, पुढच्या वेळी..."

"ट्रेस," लिनेयानं बाह्या वर करत सुरी काढली, "मागचा उजवा पाय धर. वर. अजून वर."

टेकाडाच्या आडून आयडा जागी झाल्याचा आवाज आला. आधी कुरकुर, मग सविस्तर. लिनेयानं मनगटानं कपाळावरचे केस मागं सारले.

"डॅलिन! घेऊन ये तिला इकडं. बघू दे."